हवालदारांचं मत

गावाचं नाव मी इथं लिहीत नाही. त्या वेळची माणसं आता कुणी उरली नाहीत, पण त्यांची नातवंडं-पतवंडं अजून त्याच आळ्यांत राहतात, एकमेकांच्या लग्नाकार्याला जातात. कुणाचा आजोबा कुणाच्या बाजूला होता हे त्यांना ठाऊक नसेल, तर ते माझ्याकडून कळायला नको. रत्नागिरी जिल्ह्यातलं खाडीकाठचं गाव होतं. धक्क्याला मचवे लागत, बाजारपेठ होती, मामलेदार कचेरी होती, आणि एका कौलारू इमारतीत नगरपालिका भरत असे. गावाच्या मध्यावर जांभ्या दगडाच्या पायऱ्यांचं मोठं तळं होतं. एवढं पुरे.

आमचे अण्णा वकील होते आणि नगरपालिकेचे सभासद होते. कोर्टापेक्षा त्यांचं मन सभेत जास्त रमे. घरात बखरींनी आणि जुन्या दरबारांच्या इतिहासांनी कपाटं भरलेली होती, आणि दिवेलागणीला झोपाळ्यावर बसून ते आम्हा भावंडांना पेशवाईतली कारस्थानं सांगत. कुणी कुणाला गाठलं, कुठल्या सरदाराला आजारी पडायला लावलं, ऐन वेळी कोण फुटला. लढाया ते दोन वाक्यांत उरकत, पण लढाईआधीच्या खलबतांना त्यांचा आवाज खाली यायचा, पाय जमिनीला टेकायचा आणि झोपाळा थांबायचा. कड्यांची कुरकुर बंद झाली की आम्हाला कळे, आता कुणीतरी फितूर होणार. आई आत ताक घुसळत असायची. एकदा तिनं आतूनच विचारलं, तुमच्या गोष्टींत शब्द पाळणारा एखादा तरी असतो का? अण्णा म्हणाले, "असतो. तो पहिल्याच प्रकरणात मरतो." आम्ही सगळे हसलो. आईची रवी मात्र तशीच चालू राहिली.

अण्णा सुधारक होते. हे मी उपरोधानं म्हणत नाही. त्यांनी मला इंग्रजी शाळेत घातलं, आत्याचं केशवपन होऊ दिलं नाही, आणि अस्पृश्यतेवर ते बोलायला उभे राहिले की माणसं पानाचा विडा तोंडात तसाच धरून ऐकत. ते मनापासून बोलत. पण बोलणं मनापासूनचं असलं म्हणजे माणूस त्याला बांधलेला असतोच असं नाही, हे मला त्या उन्हाळ्यात कळलं. मी तेव्हा सोळा संपून सतराव्यात होते, शाळा सोडून घरी बसले होते, आणि चिपळूणच्या एका घरी माझं लग्न ठरत आलं होतं.

तळ्याबद्दल सांगायला हवं. सगळं गाव तळ्याचं पाणी भरी, फक्त महारवाड्यातल्या बायकांना पायरीवर पाऊल टाकायची बंदी होती. त्या रस्त्याकडेला, वडाच्या पाराखाली, रिकामी मडकी घेऊन उभ्या राहत. कुणाला दया आली तर तो वरून ओतून देई. कुणाला नाही आली तर उन्हं चढेपर्यंत त्या तशाच उभ्या. शाळेत जाताना मी त्यांना रोज बघे. इतकं रोज, की बघत नसेच म्हटलं तरी चालेल.

त्या वाड्यातले धोंडजी हवालदार सरकारनं नगरपालिकेवर नेमले होते. पलटणीतून पेन्शन घेऊन आलेले, महायुद्धात बसऱ्यापर्यंत जाऊन आलेले, उंच, मिशा पांढऱ्या, कोटावर बिल्ले. सभेत त्यांची खुर्ची ओळीत नसे, दाराशी एकटी मांडलेली असे. वर्षभर ते त्या खुर्चीवर ताठ बसले आणि फारसं बोलले नाहीत, त्यामुळे गावानं त्यांना हिशेबात धरलंच नव्हतं.

मग अध्यक्षाची निवडणूक आली. जुने अध्यक्ष म्हणजे गावचे खोत. त्यांच्या हाती जमिनी, कुळं आणि मामलेदाराची मैत्री. त्यांच्याविरुद्ध अण्णा उभे राहिले. माणसं मोजून झाली तेव्हा खोतांच्या बाजूला एक मत जास्त भरलं आणि मधे दोनच मतं अधांतरी राहिली. एक नारायणशेट या लाकडाच्या आणि तांदळाच्या व्यापाऱ्याचं. दुसरं हवालदारांचं. शेटना खोतांचा मेव्हणा रोज दुकानावर येऊन भेटू लागला. हवालदारांना कचेरीत बोलावून कुणीतरी पेन्शनीची आठवण करून दिली. अण्णांनी बखरींतून शिकलेलं केलं. दोघांनाही गावातून उचललं आणि मचव्यात बसवून आमच्या आगरात आणून ठेवलं. हवापालटाला, असं गावात सांगितलं.

आमचं आगर अंजनवेलहून गुहागरकडे जाणाऱ्या वाटेच्या खाली होतं. उन्हाळ्यात आई आम्हाला घेऊन तिथंच राही. घरापुढे खळं, मागे पडवी, आणि त्याच्याही पलीकडे पोफळी आणि माड इतके दाट की भर दुपारी जमिनीवर ऊन नाण्यांएवढंच पडे. बैल फिरू लागला की रहाटाचा एकसुरी आवाज सुरू होई, पाटाचं पाणी झाडाझाडाला जाई, आणि या सगळ्याच्या मागं समुद्राची गाज. पहिल्या दिवशी ती झोपू देत नाही, तिसऱ्या दिवशी ऐकू येत नाही. अजूनही कधी पुण्यातल्या माझ्या खोलीत फार शांत वाटलं तर मला चुकल्याचुकल्यासारखं होतं ते त्या गाजेमुळे.

मचवा आला त्या दिवशी आईनं दोन जागा सारवून ठेवल्या. नारायणशेट मागच्या पडवीत उतरले. त्यांना पाट, रांगोळी, पितळेचा तांब्या. हवालदारांना रहाटाशेजारची खोप. त्यांना केळीचं पान, आणि वाढायचं ते वरून. आईचं सोवळं कडक होतं, आणि या बाबतीत अण्णा आमच्या घरात सुधारणा करायला कधी आत आले नाहीत. दोन्हीकडे वाढायला मी. आईला चुलीपासून उठता येत नसे, धाकटे भाऊ लहान, आणि गडीमाणसांना अण्णांनी मुद्दाम लांब ठेवलं होतं, कारण गड्याला कळलं की संध्याकाळी अंजनवेलच्या बंदरावर कळतं. अशी मी त्या घरातली एकटीच, दोन्ही पाहुण्यांकडे रोज जाणारी.

शेट स्वभावानं गोड होते, फक्त मासळीवाचून कासावीस झाले होते. कुळथाचं पिठलं, ओल्या काजूची उसळ, फणसाची भाजी, आमसुलाचं सार, आई हात राखत नव्हती. पण समुद्र कानाशी गाजतोय आणि ताटात फणस, असं म्हणून ते रोज एकदा निःश्वास सोडत. हवालदार पानात पडेल ते जेवत, पान स्वतः उचलत, जागा स्वतः सारवत. पहाटे दाढी करून, कोट घालून ते खोपीबाहेरच्या दगडावर बसलेले असत, जणू कुणी तपासणीला येणार आहे. मी गेले की उभे राहत. माझ्यासाठी उभं राहणारा त्या वयात मला भेटलेला तो पहिला पुरुष. मला संकोच वाटे, म्हणून मी एक दिवस त्यांना बसायला सांगितलं. ते म्हणाले, सवय आहे, ताई, जाऊ दे.

अण्णा एक दिवसाआड गावातून येत. एका सकाळी ते आले ते सरळ खोपीकडे गेले. मी तिथं पाणी द्यायला गेले होते. अण्णा हवालदारांच्या समोर उभे राहिले आणि त्यांनी शब्द दिला. अध्यक्ष झालो की पहिल्याच सभेत ठराव, तळं सर्वांना मोकळं. त्यात जर-तर काही नव्हतं. हवालदारांनी ते दोनदा विचारलं. पहिल्याच सभेत? अण्णा म्हणाले, पहिल्याच. हवालदारांनी दोन्ही हात कोटाच्या शिवणीला लावले आणि मान लववली. माझा ऊर भरून आला. आपले वडील बखरींतल्या माणसांपेक्षा मोठे आहेत असं मला त्या क्षणी वाटलं, आणि ते मी आज लपवत नाही.

त्याच दुपारी अण्णा आणि शेट पडवीत जेवायला बसले. शेट भात कालवता कालवता थांबले. बाकी सगळं ठीक आहे, पण बाजारात बोलतात की वकील आले तर तळं बाटवतील, मग मला घरच्या बायका जेवू घालणार नाहीत, असं ते म्हणाले. मी सार वाढत होते. अण्णा हसले. ते म्हणाले, ठराव येईल, येऊ द्या, आपण त्यावर कमिटी नेमू, कमिटीवर तुम्हीच बसा, आणि कमिटीचं काम पावसाळा संपेपर्यंत तरी सुरू होत नाही. शेटनी विचारलं, आणि नंतर? अण्णा म्हणाले, नंतर दुसरा पावसाळा येतोच. दोघं हसले. शेटनी सार पुन्हा मागितलं, मी वाढलं. अण्णांनी माझ्याकडे बघितलं नाही हे आठवतं. सकाळीही मी तिथं होते आणि दुपारीही मीच होते, हे त्यांच्या ध्यानात यायला हवं होतं. आलं नाही. इतका मोठा मुत्सद्दी, पण वाढणाऱ्या मुलीला कान असतात हे त्याच्या हिशेबात नव्हतं.

अण्णा गेल्यावर मी चुलीपाशी जाऊन बसले आणि आईला दोन्ही बोलणी सांगितली. आई भाकऱ्या थापत होती. शेवटची भाकरी तव्यावर टाकली, पीठ लागलेले हात परातीत झटकले, आणि मग बोलली.

"मी शिवाशिव पाळते. ते माझं पाप असेल तर माझ्यापाशी. पण पाळते ती त्यांच्या तोंडावर पाळते. माझ्या हातचं अन्न खायला घालून त्या माणसाला फसवायचं, हे या घरात होणार नाही. जा, सांग त्यांना."

मी म्हटलं, अण्णा पडतील. आई म्हणाली, पडले तर उठतील. मग तिनं भाकरी उलटली. ती एवढं धीटपणानं बोलली असं मला तेव्हा वाटलं, पण तिचा चेहरा चुलीच्या उजेडात पांढरा पडला होता, हेही मी पाहिलं. नवऱ्याच्या विरुद्ध तिनं तोवर एक वाटीसुद्धा इकडची तिकडे ठेवली नव्हती.

पुढे आयुष्यात मी पुष्कळ शिकले. सोवळं कसं क्रूर होतं ते लिहिलं, सांगितलं, आईशी त्यावरून वाद घातले. ती मरेपर्यंत बदलली नाही. तरीही त्या दुपारी आमच्या घरात जे काही सरळ उभं होतं ते तिच्याकडे होतं आणि सुधारणेकडे नव्हतं. याची संगती मला आजवर नीट लागलेली नाही, आणि ओढूनताणून लावावी असंही वाटत नाही.

मी पान घेऊन खोपीकडे गेले. रहाट चालू होता, त्यामुळे आवाज थोडा चढवावा लागला. मी सगळं सांगितलं. कमिटी, पावसाळा, दुसरा पावसाळा, आणि दोघं हसले तेही. हवालदार नेहमीसारखे उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग यावा म्हणून मी वाट बघत होते. आला नाही. त्यांनी फक्त विचारलं की हे घरात आणखी कुणाला ठाऊक आहे. मी म्हटलं, आईला, तिनंच पाठवलं. बैल एक फेरा पुरा करून आला.

"मातोश्रींना सांगा, मी जेवतो," ते म्हणाले. "आज उपाशी उठलो तर वकीलसाहेबांना कळेल, कुणी सांगितलं ते."

आणि ते जेवायला बसले. मी वरून भात वाढला. त्यांनी तो शेवटच्या शितापर्यंत संपवला.

ते कोट चढवून वाटेला लागतील, खोतांकडे जातील, निदान अण्णांना जाब तरी विचारतील, अशी माझी खात्री होती. तसलं काही झालं नाही. उरलेले दिवस ते दगडावर तसेच ताठ बसून राहिले. अण्णा आले की उठून सलाम करीत. अण्णांनी एकदा विचारलं, काय हवालदार, पक्कं ना? ते म्हणाले, पक्कं, साहेब. मी पडवीच्या खांबाआड उभी होते. मला त्यांचा मनस्वी राग आला. आईनं एवढा जीव धोक्यात घालून सांगितलं आणि हा माणूस पेन्शनीला भ्याला, असं मला वाटलं. आईला तसं बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, आपलं काम सांगायचं होतं, ते झालं, त्यांचं काम त्यांना करू दे.

निवडणुकीच्या दिवशी सकाळच्या भरतीला मचवा सुटला. अण्णा पुढे, शेट मधे, हवालदार मागच्या टोकाला एकटे. आई आणि मी वाळूत उभ्या राहून बघत होतो. शीड वाऱ्यानं भरलं आणि मचवा गोपाळगडाच्या टेकाडामागं गेला. त्या दिवशी आईनं स्वयंपाक केला, पण आम्ही दोघी नीट जेवलो नाही. माझा मामा त्या सभेला ओट्यावरच्या गर्दीत होता. तो दुपार कलता कलता आगरात आला आणि खळ्यात बसून त्यानं सगळं सांगितलं. पुढे ते गावात इतक्या जणांनी इतक्या तऱ्हांनी सांगितलं, पण मामा थापाड्या नव्हता, म्हणून मी त्याचंच धरते.

मत तोंडी द्यायचं होतं, बसलेल्या ओळीनं एकेकानं उभं राहून. ओळ खोतांच्या बाजूनं सुरू झाली. नारायणशेट मधे बसले होते, त्यांची पाळी आली, त्यांनी अण्णांचं नाव घेतलं आणि घाम पुसत खाली बसले. मतं सारखी सारखी होत दारापर्यंत आली. दाराशी हवालदारांची खुर्ची. सगळ्यांच्या शेवटी. वर्षभर ज्या खुर्चीकडे कुणी वळून बघितलं नव्हतं तिच्याकडे सगळी सभा वळली. खिडक्यांतून माणसं लोंबत होती.

हवालदार उभे राहिले. पलटणीत नावं पुकारत तशा खणखणीत आवाजात ते बोलले, असं मामा म्हणाला.

"माझं मत वकीलसाहेबांना. पहिल्याच सभेत तळं सर्वांना मोकळं करीन, असा शब्द त्यांनी मला त्यांच्या घरी दिला आहे. त्या शब्दाला मी मत देतो. हे सभेच्या कामकाजात लिहून घ्यावं."

शेट अर्धे उठले, पण त्यांचं मत देऊन झालं होतं. खोत हुशार माणूस. त्यांनी ओळखलं की आता वकील नाही म्हणाला तर हवालदार मत फिरवेल, आणि हो म्हणाला तर त्याची अर्धी माणसं त्याला सोडून जातील. त्यांनी हसून अण्णांना विचारलं, हे खरं का? अण्णा उठले. मामा म्हणाला, त्यांचा चेहरा त्यानं तसा कधी पाहिला नव्हता. आणि मग ते बोलू लागले. लोकमताचा आदर, काळाची पावलं, सर्व समाजाचा विचार घेऊन, योग्य त्या मार्गानं, असा माझा मनोदय आहे. वाक्य लांबत गेलं. हवालदार खाली बसले नाहीत. वाक्य संपल्यावर ते कारकुनाकडे वळले आणि म्हणाले, लिहा, वकीलसाहेब हो म्हणाले. बाहेरच्या गर्दीत कुणीतरी टाळी वाजवली, मग पुष्कळ वाजल्या. कारकुनानं अण्णांकडे बघितलं. अण्णांनी मान हलवली. कारकुनानं लिहिलं.

म्हणजे अण्णा एका मतानं निवडून आले.

मामाचं सांगून झालं तेव्हा मी आईकडे बघितलं. ती खळ्याच्या कडेला उभी होती. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि पाणी तापवायला आत गेली, अण्णा येतील म्हणून.

अण्णा संध्याकाळी आले, गळ्यात हार होते. ते हार त्यांनी काढून धाकट्याच्या हातात दिले आणि पडवीत बसले, जिथं शेट बसायचे तिथं. मग मला हाक मारली. त्यांचा आवाज चढलेला नव्हता.

"हवालदारांना कुणी सांगितलं?"

"मी," मी म्हटलं.

आई दारात येऊन उभी राहिली. "मी सांगायला लावलं," ती म्हणाली.

अण्णांनी आमच्या दोघींकडे आळीपाळीनं बघितलं. ते चिडले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी आईला एवढंच विचारलं की तुला राजकारण कळतं का. आई म्हणाली, नाही. मग अण्णा पुष्कळ बोलले. आधी खुर्ची हाती असावी लागते, मग तळं. मी ते केलंच असतं, दोन वर्षांनी केलं असतं, न दुखवता केलं असतं. राजकारणात खोटं असं काही नसतं, लवकर आणि उशिरा एवढंच असतं. मला वाटतं ते तेव्हा खरंच तसं मानत होते. आई ऐकून घेत होती. शेवटी ती म्हणाली, त्या बायकांना दोन वर्षं कुठं उभं राहायचं होतं ते माहीत होतंच, नवीन काय. एवढं बोलून ती ताट वाढायला गेली. अण्णा जेवले, पण त्या दिवसापासून पुढचे बरेच दिवस ते माझ्याशी कामापुरतंच बोलले, आणि दिवेलागणीच्या गोष्टी बंद झाल्या त्या कायमच्याच.

पहिल्या सभेत ठराव आला. कमिटी नेमायची सूचना शेटनी मांडली तेव्हा अण्णांनी ती घेतली नाही. घेता येतच नव्हती, कामकाजात लिहिलेलं होतं आणि खिडक्यांत माणसं होती. खोतांच्या बाजूचे दोन तरुण सभासद ठरावाकडे आले, अण्णांच्या बाजूचे तितकेच उठून गेले, आणि ठराव मंजूर झाला. पुढचं मी भराभर सांगते, कारण ते सांगण्यासारखं नाही. आमच्या घरी भटजी यायचे बंद झाले. अण्णांचे पक्षकार दुसऱ्या वकिलांकडे गेले. चिपळूणहून निरोप आला की मुलाला इतक्यात लग्न कर्तव्य नाही. आईनं तो निरोप मला स्वतः सांगितला, आणि त्या दिवशी प्रथम मला तिच्या डोळ्यांत पाणी दिसलं. वर्ष संपायच्या आत अविश्वासाचा ठराव येऊन अण्णांची खुर्ची गेली. त्या वेळी त्यांच्या बाजूनं अखेरपर्यंत राहिलेल्या थोड्या मतांत दाराशेजारचं मत होतं. लग्न मोडलं म्हणून मला पुण्याला शिकायला धाडलं, आणि मी शिक्षिका झाले. गावात आता अण्णांची आठवण काढतात ती तळं खुलं करणारा थोर माणूस म्हणून. मी एकदा तिथं बोलायला गेले होते तेव्हा हवालदारांचं नाव घेतलं. श्रोत्यांनी शांतपणे ऐकलं. त्यातल्या बहुतेकांना ते नाव नवीन होतं.

तळं उघडलं तो दिवस मी स्वतः पाहिला. अण्णा येणार नव्हते. अध्यक्षानं हजर राहिलंच पाहिजे असा काही नियम नाही, असं ते सकाळी म्हणाले. मग आपणहूनच टोपी घातली आणि निघाले. मी त्यांच्या मागून गेले. आई आली नाही.

महारवाड्यातून हवालदार पुढे, त्यांच्यामागं बायका, पुरुष, थोडी मुलं अशी ओळ आली. गाव दोन्ही बाजूंच्या घरांच्या ओट्यांवर उभं होतं. पोलीस आणले होते, पण दंगा झाला नाही. दंग्यापेक्षा ती शांतता वाईट होती. ओळ वडापाशी आली आणि रोजच्या सवयीनं तिथंच थबकली. हवालदारांची बायको सगळ्यांत पुढे होती, काटकुळी, डोक्यावर चुंबळ, तिच्यावर मडकं. हवालदारांनी तिला पुढे हो म्हणून खूण केली. ती तळ्याच्या काठाशी आली, वरच्या पायरीवर तिनं एक पाऊल ठेवलं आणि थांबली. तिनं नवऱ्याला हळूच काहीतरी विचारलं. मी जवळ होते, मला ऐकू आलं. कितव्या पायरीपर्यंत जायचं, असं ती विचारत होती.

हवालदारांना उत्तर देता येत होतं. पण त्यांनी दिलं नाही. ते अण्णांकडे वळले आणि थांबले. ओट्यांवरची माणसं अण्णांकडे बघू लागली. नारायणशेट आपल्या दुकानाच्या फळीवर उभे होते, तेही. अण्णांचे ओठ हलले, आणि मला वाटलं, आता वाक्य लांबणार. लोकमत येणार, योग्य तो मार्ग येणार.

अण्णांनी टोपी काढून हातात घेतली.

"पाण्यापर्यंत, बाई," ते म्हणाले.

ती एकेक पायरी उतरत गेली. शेवटच्या पायरीवर पाणी तिच्या घोट्यांना लागलं तेव्हा ती क्षणभर उभी राहिली, मग वाकून तिनं मडकं बुडवलं.